हरकत घ्या, पण सही करून

मारेगावात तहसीलसमोर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. फेरफारावरची हरकत हे नेहमीचं काम. एका भावाने वाटणीची नोंद टाकली की तलाठी नोटीस काढतो. 15 दिवसांत दुसऱ्याने हरकत घेतली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते आणि तोवर सातबारा जैसे थे. एकटा माणूस सगळ्यांना थांबवतो. पण नाव, कारण, सही देऊन आणि तारखेला हजर राहून.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये विधेयक रोखायची अशीच सोय आहे, फिलिबस्टर. बोलणाऱ्याला वेळेचं बंधन नाही. 1957 साली स्ट्रॉम थरमंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटं बोलले. विधेयक तरी मंजूर झालंच. आता तेवढाही घसा कोरडा करावा लागत नाही. चर्चा संपवायला 100 पैकी 60 मतं लागतात, म्हणून 41 जण अडून बसले की बहुतेक विधेयकं तिथंच अडकतात.

आपल्या विधानसभेत हे जमत नाही. वेळ अध्यक्षांच्या हाती, चर्चा साध्या बहुमताने बंद. मग उरतो गोंधळ. आमच्या यवतमाळचे जांबुवंतराव धोटे तर त्याही पुढे गेले. त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि 1964 च्या ऑगस्टात आमदारकी गेली. इकडच्या लोकांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवलं, हा भाग वेगळा. पेपरवेट फेकणं मला मुळीच पटत नाही. पण कोणी फेकला ते सगळ्यांना दिसलं आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

आता दुसरी तऱ्हा बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नेमण्यासाठी 12 नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारींकडे पाठवली. होकार नाही, नकार नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे कर्तव्यच आहे, असं उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलं. तरी यादी पडूनच. 2022 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. ना भाषण, ना गोंधळ.

मला थरमंड यांचा मुद्दा घाणेरडा वाटतो, तरी त्यांची रीत यादी गुपचूप पडून ठेवण्यापेक्षा बरी. थोड्यांना अडवायचा हक्क हवाच, नाहीतर गोंधळाचं निमित्त करून बहुमतवाले चर्चेविनाच विधेयकं उरकतात. फक्त अडवणारा दिसला पाहिजे. पुढच्या खेपेला आमच्या वणी मतदारसंघातले उमेदवार मत मागायला आले की विचारा: काय अडवलंत, आणि कारण कुठं लिहून दिलंत?