नारळातली कानबाई

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव-धुळ्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळ हीच देवी. त्याला डोळे नि नथ लावून चौरंगावर मांडतात, रात्रभर अहिराणी गाणी म्हणत जागरण होते, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन.

मला या सणात सर्वांत मोलाचे वाटतात ते रोट. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वाच्या मापाने गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. म्हणून सुरत-पुण्याला पोटासाठी गेलेलेही या दिवशी गाव गाठतात.

नारळात चेहरा पाहणारे आपण एकटेच नाही. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या कथेत सिना नावाच्या मुलीवर जीव जडलेल्या वाम माशाचे डोके पुरतात आणि तिथून माड उगवतो. नारळावरचे तीन ठिपके म्हणजे त्याचेच डोळे नि तोंड.