गंज जरा कमी

मी रंगवलेल्या पहिल्या रणगाड्याच्या बुरुजावर डावीकडे २१४ हा आकडा झकास उमटला. रणगाडा फिरवून उजवी बाजू पाहिली, तर तोच आकडा आरशात दिसावा तसा उलटा. तासभर खपून डाव्या बाजूला मारलेला चिखलाचा शिंतोडाही उजवीकडे नेमका त्याच जागी. तीन रात्रींचं काम एका फेरीत हसण्यावारी गेलं. चूक माझीच होती. रंगाला हात घालण्याआधी कापड पाहायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

कापड म्हणतोय ते उगाच नाही. संगणकावरच्या रणगाड्यांच्या खेळात रणगाडा म्हणजे आधी नुसता आकार असतो, बिनरंगी. त्यावर एक चित्र गुंडाळलेलं असतं, ते टेक्स्चर. मूळ चित्र काढून आपण रंगवलेलं चढवायचं, की झाली स्किन. पण हे चित्र रणगाड्यासारखं दिसत नाही. शिवलेला सदरा उसवून त्याची पाठ, बाह्या, कॉलर जमिनीवर पसरावी, तसे रणगाड्याचे तुकडे एका चौकोनात पसरलेले असतात. इथे बुरुजाचा पत्रा, तिथे चाकं, कोपऱ्यात कुदळ-फावडं आणि ओढायचा दोर. कापड वाचवायला दोन्ही बाह्या एकाच तुकड्यातून काढाव्यात, तशा पुष्कळदा रणगाड्याच्या दोन्ही बाजू एकाच तुकड्यावर बसवलेल्या असतात. माझा २१४ उलटा झाला तो त्यामुळे. अनुभवी माणूस कामाला बसला की पहिल्यांदा सगळ्या तुकड्यांवर १, २, ३ असे आकडे टाकतो, रणगाडा फिरवून कुठला आकडा कुठे आणि कसा उमटतो ते बघतो, मगच रंगाचा विचार करतो.

या खेळांपैकी दोहोंची नावं घेतो. ‘स्टील बीस्ट्स’ २००० साली आला. ईसिम गेम्सने बनवलेल्या या खेळाची व्यावसायिक आवृत्ती डेन्मार्क, स्वीडन, स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा देशांची सैन्यं प्रशिक्षणासाठी वापरतात. दिसायला तो कधीच देखणा नव्हता. त्याचा जीव तोफेच्या नेमात आणि डावपेचात. ‘वॉर थंडर’ २०१२ साली विमानांपासून सुरू झाला, रणगाडे त्यात २०१४ साली आले, आणि तो भलताच देखणा आहे. स्किन चढवायची रीत दोन्हीकडे वेगळी. ‘स्टील बीस्ट्स’मध्ये मूळ फाइलच्याच नावाची आपली फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की खेळ ती उचलतो. मात्र त्या जातीचा प्रत्येक रणगाडा बदलतो, शत्रूचासुद्धा. ‘वॉर थंडर’मध्ये ‘यूजरस्किन्स’ नावाचा फोल्डर असतो. कुठल्या टेक्स्चरच्या जागी कुठलं लावायचं हे सांगणारी छोटी मजकुराची फाइल त्यात चित्रांसोबत ठेवायची. ती स्किन फक्त आपल्या रणगाड्याला चढते आणि फक्त आपल्याला दिसते. समोरचा खेळाडू आपल्याला कंपनीच्या रंगातच पाहतो.

इतके कष्ट करायचे आणि ते दिसणार कुणाला, तर स्वतःला, किंवा जो फाइल मुद्दाम उतरवून घेईल त्याला. मला या छंदाची ही बाजू सगळ्यांत आवडते.

कामाचा कस लागतो तो मळ चढवताना. मूळ रंग ओतणं दहा मिनिटांचं काम आहे. नवशिका तिथून थेट गंजाकडे धावतो. पत्र्यावर नारिंगी ओघळ, कडांवर चकाकणारे ओरखडे, जणू रणगाडा वीस वर्षं भंगारात पडून होता. लढाईतल्या रणगाड्याला एवढं आयुष्य कुठलं? कित्येक रणगाडे कारखान्यातून निघून काही महिन्यांत जळाले. गंजायला त्यांना सवडच मिळाली नाही. गंज खरा कुठे दिसतो, तर धुराड्यावर, कारण तिथला रंग उष्णतेने जळून जातो. चाकांभोवतीच्या साखळी-पट्ट्यांचं उलट असतं. उभ्या रणगाड्याच्या पट्ट्यांवर रातोरात तांबूस थर चढतो आणि चार पावलं चालला की जमिनीला घासणारा भाग पुन्हा लखलखतो. बाकी सगळा कारभार धुळीचा. चाकांजवळ ती दाट आणि वर विरळ होत जाते. चालकाच्या झाकणाभोवती बुटांनी रंग झिजलेला असतो, इंधनाच्या झाकणाखाली काळपट ओघळ असतो. हे तीन-चार डाग आपापल्या जागी पडले की रणगाड्यात माणसं बसत असावीत असं वाटायला लागतं. चांगली स्किन मी यावरूनच ओळखतो.

मग यंत्राच्या अडचणी. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचं चित्र म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास ठिपके. दाबलं नाही तर ६४ एमबी. म्हणून ते डीडीएस नावाच्या प्रकारात दाबून ठेवतात. त्यातल्या नेहमीच्या पद्धतीत चार बाय चार ठिपक्यांचा एकेक चौकोन धरून त्याचे सगळे रंग दोन मुख्य रंगांतून निभावून नेले जातात. लाल-निळ्या भडक चित्राला ते चालतं. ऑलिव्ह हिरव्याच्या सूक्ष्म छटांची मात्र त्यात वाट लागते, आणि रणगाडा म्हणजे तर सगळा त्या छटांचाच खेळ. शिवाय त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या नकला फाइलमध्ये ठेवाव्या लागतात, त्या मिपमॅप. रणगाडा दूर गेला की खेळ लहान नक्कल वापरतो. त्या घालायला विसरलात, तर दूरच्या टेकडीवरचा तुमचा रणगाडा भर दुपारी काजव्यासारखा लुकलुकतो. लपायला रंगवलेला रणगाडा सगळ्यांत आधी नजरेत भरतो तो असा.

रंग कोणता, यावरून तर मारामाऱ्या. दुसऱ्या महायुद्धाचे बहुतेक फोटो काळेपांढरे, आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, त्यामुळे तांबडा पट्टा फोटोत काळा येई. जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळा हा पाया ठरवला. वरचा हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग डब्यांतून लगद्याच्या रूपात येई आणि रणगाड्यावरची पोरंच तो पाण्यात किंवा पेट्रोलात कालवून मारत. पाणी जास्त झालं की रंग फिका, आणि पाऊस आला की धुपलेला. तेव्हा अस्सल छटा अमुकच, असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. इंग्रजांच्या वाळवंटातल्या कॉन्टर पद्धतीचं तेच. त्या तिरक्या पट्ट्यांतला एक रंग मॉडेल बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आकाशी निळा मारला. पुढे कागदपत्रं धुंडाळणाऱ्यांनी तो हिरवट राखाडी असल्याचं मांडलं. जुन्या स्किन अजून निळ्याच फिरतायत.

जर्मन रणगाड्यांबद्दल आणखी एक. स्वस्तिक रंगवायचा मोह काहींना होतो. जर्मनीत त्या चिन्हावर कायद्याची बंदी आहे, ते एक. दुसरं म्हणजे, रणगाड्याच्या अंगावर सहसा असे तो काळापांढरा क्रॉस. स्वस्तिक असे ते स्वतःच्या विमानांना ओळख पटावी म्हणून इंजिनावर पसरलेल्या झेंड्यावर. म्हणजे बुरुजावर ते चिन्ह मोठ्ठं काढणारा तिथल्या कायद्यातही चुकतो आणि बहुधा इतिहासातही.

हाताला सुख देणारे नमुनेही आहेत. १९७०च्या दशकात अमेरिकन सैन्याने एमईआरडीसी ही चार रंगांची पद्धत आणली. दोन रंग प्रत्येकी ४५ टक्के, उरलेले दोन पाच-पाच टक्के, त्यातला काळा कावळ्याच्या पायासारख्या फराट्यांत. ऋतू बदलला की एकदोन रंग बदलायचे, आकृती तीच. स्किन करणाऱ्याला हे वरदानच. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक सुटे थर, एकदा नीट पाडले की उन्हाळा, हिवाळा, वाळवंट एका बैठकीत निघतं. याउलट बर्लिन. १९८०च्या दशकात तिथल्या ब्रिटिश तुकडीचे मेजर क्लेंडन डॉक्स यांनी चीफ्टन रणगाड्यांना पांढरे, राखाडी आणि तपकिरी चौकोन रंगवून घेतले, शहरातल्या भिंती-खिडक्यांत मिसळून जावेत म्हणून. चौकोन काढायला काय लागतं, असं वाटतं. पण चीफ्टनचा बुरुज ओतीव, सगळा गोलाईचा. उसवलेल्या कापडावर सरळ ओढलेली रेघ बुरुजावर केळ्यासारखी वाकते. ती रणगाड्यावर सरळ दिसावी म्हणून कापडावर मुद्दाम वाकडी काढावी लागते, आणि शिवणीपाशी पलीकडच्या तुकड्याशी जुळवावी लागते.

आता आपल्याकडचं. चेन्नईजवळच्या आवडीत तयार झालेला विजयंता रणगाडा मुळात विकर्स कंपनीच्या आराखड्यावरचा. ‘वॉर थंडर’मध्ये विकर्स मार्क १ आहे, त्याला भारतीय रंग चढवला की विजयंता झाला. सेंच्युरियन घेतलात तर पूना हॉर्स रेजिमेंट. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यात अखेरपर्यंत लढले, त्या सेंच्युरियनचं नाव फॅमागुस्टा, सायप्रसमधल्या बंदराचं. ते परमवीरचक्राचे मानकरी, वय अवघं २१. तो रणगाडा नगरला आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. पण जपलेल्या रणगाड्याचा आजचा रंग पाहून १९७१ची स्किन करू नये. तो रंग नंतर कुणीतरी प्रेमाने मारलेला असतो, एका परीने तीही स्किनच. आकार, खिळे, झाकणं तिथून घ्यावीत. धूळ आणि ओरखडे त्या काळच्या फोटोंतून.

वाटपाचे नियम साधे. फाइल झिप करायची, सोबत दोन ओळींची टीप, आधार कुणाच्या कामाचा ते नाव घेऊन सांगायचं. पैसे सहसा नसतात. ‘वॉर थंडर’ची कंपनी निवडक स्किन खेळात विकायला ठेवते आणि करणाऱ्याला वाटा देते, पण ते मोजक्यांच्या नशिबी. बाकीचे लेयर सुटे ठेवून फुकट देतात, म्हणजे पुढच्याला आकडा बदलता येतो. स्वतःचे लेयर दडवून दुसऱ्याचे मात्र हक्काने मागणारेही भेटतात. त्यांना काय म्हणावं ते मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे.

एक विनंती. नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे गेलात आणि फोटो काढायला परवानगी असली, तर तोफेला टेकून उभ्या असलेल्या मेहुण्याचा एक झाल्यावर त्याला बाजूला व्हायला सांगा. मग रणगाड्याचा बरोबर समोरून, बरोबर बाजूने आणि मागून एकेक फोटो काढा, ढगाळ उजेड असेल तर उत्तम. मागची बाजू विसरू नका. ती सहसा कुणीच काढत नाही.