निवेदनाची मर्यादा आणि तिचे एकक

वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी अमेरिकेत व ब्रिटनमध्ये गुणपत्रकाच्या जोडीला उमेदवाराचे 'पर्सनल स्टेटमेंट' मागविण्यात येते. या निवेदनाची लांबी उमेदवाराच्या मर्जीवर सोडलेली नसते. अमेरिकेतील एम.डी. अभ्यासक्रमांसाठी असलेल्या 'ॲमकास' या सामाईक अर्जात ती ५,३०० चिन्हांपर्यंत, दंतवैद्यकाच्या सामाईक अर्जात ४,५००, तर ब्रिटनच्या 'यूकॅस' अर्जात ४,००० चिन्हांपर्यंत असते. मोजणी शब्दांची नव्हे, चिन्हांची होते. विरामचिन्हे व शब्दांमधील मोकळ्या जागाही तीत धरल्या जातात.

एककातील हा भेद शैलीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शब्दमर्यादेत लहानमोठे शब्द समान ठरतात. चिन्हमर्यादेत दीर्घ शब्दाची किंमत मोजावी लागते. इंग्रजी लिपीत 'हेल्प' हा शब्द चार चिन्हांत मावतो, 'असिस्टन्स' दहा घेतो. अर्थ मात्र जवळजवळ तोच. म्हणजे ही मर्यादा लॅटिनोद्भव जड शब्दांकडून साध्या शब्दांकडे लेखकाला वळविते. मराठीभाषकाने येथे 'चिन्ह' म्हणजे 'अक्षर' असे समजू नये. 'स्त्री' हे वाचकाच्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या हिशेबात मात्र तीन व्यंजने, दोन हलन्तचिन्हे व एक ईकार अशी सहा चिन्हे होतात.

मर्यादेमागे अर्जातील श्रमविभागही आहे. 'ॲमकास'मध्ये अनुभवांच्या पंधरा नोंदी करता येतात. प्रत्येकीस ७०० चिन्हे, आणि सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या तिहींस आणखी १,३२५ चिन्हे मिळतात. तेथे आलेली यादी निवेदनात पुन्हा देणे व्यर्थ होय. 'यूकॅस'ने २०२६ च्या प्रवेशापासून निवेदन तीन प्रश्नांत विभागले. एकूण मर्यादा ४,००० च राहिली, परंतु प्रत्येक उत्तरास किमान ३५० चिन्हांची अट आली.

मर्यादा ओलांडली की काटछाट अटळ होते, आणि खरी हानी तेथेच होते. घाईत उमेदवार 'म्हणून', 'परंतु', 'त्यामुळे' असे दुवे गाळतो व विशेषणे राखतो. परिणामी विधाने उरतात, त्यांमागील कारणे जातात. 'मानवसेवेची मला उत्कट तळमळ आहे' हे वाक्य कोणीही लिहू शकेल. 'रुग्णाने मान डोलावली, परंतु गोळी केव्हा घ्यावयाची हे त्याला कळले नव्हते' हे वाक्य पाहणाऱ्यालाच सुचते. पहिले प्रथम गाळावे. दुसऱ्यातील 'परंतु' शेवटपर्यंत राखावे, कारण उमेदवाराचे निरीक्षण त्या एका अव्ययावर उभे आहे.

यास्तव काटछाटीचा क्रम असा असावा: आधी अन्यत्र नोंदलेली माहिती, मग प्रास्ताविक, मग विशेषणे, प्रसंग आणि त्यापासून काढलेला निष्कर्ष सर्वांत शेवटी. निवड समितीला उमेदवाराची विचारपद्धती दिसते ती या दोहोंतूनच.