पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन होत नाही, असा निरोप आला की पहिला संशय पासवर्डवर जातो, दुसरा नेटवर्कवर. पासवर्ड बदलला जातो, फायरवॉल तपासली जाते, तास निघून जातो. खरं कारण अनेकदा वेगळंच असतं: सर्व्हरने तुम्हाला ओळखलेलं असतं, पण तुमच्यासाठी नवं काम सुरू करायला त्याच्याकडे मुभा उरलेली नसते.

लिनक्स सर्व्हरवर दुरून शिरण्याचा रूढ मार्ग म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर 1995 मध्ये टाटू यलोनेन यांनी तो तयार केला. त्यातलं लॉगिन तीन टप्प्यांत होतं. आधी जोडणी, मग ओळख पटवणं, आणि शेवटी सत्र उघडणं. या शेवटच्या टप्प्यात वापरकर्त्याच्या मर्यादा लागू होतात आणि त्याचं शेल सुरू होतं. गाडी कुठल्या टप्प्यावर अडली हे कळलं, की निम्मं निदान झालं.

पासवर्ड विचारण्याआधीच जोडणी तुटत असेल, तर 'मॅक्सस्टार्टअप्स' ही सेटिंग पाहावी. ओपनएसएसएचमध्ये तिचं मूळ मूल्य 10:30:100 असं असतं. ओळख न पटलेल्या 10 जोडण्या ताटकळत असल्या, की नव्या जोडण्यांपैकी सुमारे 30 टक्के नाकारल्या जाऊ लागतात. हे प्रमाण वाढत जातं आणि 100 ला दार पूर्ण बंद होतं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर पासवर्डचे अंदाज बांधणारे प्रोग्रॅम या जागा अडवून बसतात. इथे आकडा वाढवण्यापेक्षा ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश देणं जास्त उपयोगी.

पासवर्ड मान्य झाल्यावर एकाच वापरकर्त्याला बाहेर पडावं लागत असेल आणि 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असा संदेश येत असेल, तर बहुधा 'एनप्रॉक' ही प्रोसेसची मर्यादा भरलेली असते. इथे भलेभले चकतात, कारण लिनक्स या हिशेबात प्रत्येक थ्रेडही मोजतो. जावावर चालणारी एकच सेवा शेकडो थ्रेड उघडते, पण प्रोसेसच्या साध्या यादीत ती एका ओळीत दिसते. रेड हॅट 6 मध्ये सामान्य वापरकर्त्याला ही मर्यादा मुळात 1024 होती, 7 मध्ये 4096 झाली. हा हिशेब वापरकर्त्याच्या नावावर असतो. त्यामुळे सेवा ज्या नावाने चालते, त्याच नावाने लॉगिन करणारा अडतो. रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याला, ही मर्यादा लागत नाही. म्हणून रूट आत जातो आणि दुसरा अडतो, हा फरकच मोठा पुरावा आहे. रूटने आत जाऊन त्या वापरकर्त्याचे थ्रेड मोजावेत.

तिसरा प्रकार सगळ्यात जिवावर बेतणारा. सेवेला जास्त फाइल उघडता याव्यात म्हणून कुणीतरी 'लिमिट्स डॉट कॉन्फ' या मर्यादांच्या फाइलमध्ये भला मोठा आकडा लिहितो. पण कर्नलची स्वतःची कमाल ठरलेली असते, सहसा 10,48,576. त्यापलीकडचा आकडा लागू करता येत नाही, आणि तो लागू झाला नाही म्हणून सत्रच नाकारलं जातं. जुन्या आवृत्त्यांत 'अनलिमिटेड' लिहिलं तरी हेच घडतं. ओळ सगळ्यांसाठी असेल तर सगळेच बाहेर, काही प्रणालींवर रूटसुद्धा. मग उरतो फक्त कन्सोल. म्हणून मर्यादा बदलताना चालू सत्र बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून पाहावं, ते जमलं तरच पहिलं सोडावं.

मेमरीच संपली असेल, तर मात्र रूटसकट सगळेच अडकतात. तिथे आधी मेमरी खाणारा प्रोग्रॅम थांबवावा लागतो.

यातलं नेमकं काय झालं, ते सर्व्हर लिहून ठेवतो. रेड हॅट घराण्यात 'सिक्युअर' आणि डेबियन-उबंटूत 'ऑथ डॉट लॉग' ही नोंदवही पासवर्डला हात लावण्याआधी उघडावी. चालू सेवेला प्रत्यक्षात कोणती मर्यादा लागू आहे, ते 'प्रॉक'मधल्या तिच्या 'लिमिट्स' फाइलमध्ये दिसतं. 'लिमिट्स डॉट कॉन्फ'मधला आकडा बदलला, तरी आधीपासून चालू असलेली सेवा जुन्याच मर्यादेवर चालत राहते.

मर्यादा हा अडथळा समजून काढून टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळायला हवा. एखादा बिघडलेला प्रोग्रॅम स्वतःच्या प्रती काढत सुटला, तर बाकीच्यांची कामं याच मर्यादेमुळे वाचतात. थ्रेड उघडून बंद न करणारी सेवा 1024 खाते तशी 4096 ही खाते, फक्त जरा उशिरा. गरज खरोखर वाढली असेल, तर मोजून आकडा वाढवावा. गळती असेल तर प्रोग्रॅम दुरुस्त करावा. या दोन्हींत फरक करण्यासाठी थ्रेडची संख्या रोज नोंदवणं पुरेसं आहे: कामाबरोबर ती चढते-उतरते की नुसती चढतच जाते, एवढंच पाहायचं असतं.