‘ऐकणे’ आणि ‘मानणे’ : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील पाचारणाची संकल्पना

१.

मराठी भाषेत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानांवर पडलेला शब्द ग्रहण करणे हा पहिला, आणि त्या शब्दाप्रमाणे वागणे हा दुसरा. ‘मुलगा आईचे ऐकत नाही’ असे म्हणताना मुलाच्या श्रवणशक्तीविषयी कोणालाही शंका नसते. तक्रार असते ती त्याच्या वर्तनाविषयी. हिब्रू भाषेतील ‘शमा’ या धातूतही हे दोन्ही अर्थ असेच एकवटले आहेत. ग्रीक भाषेतही आज्ञापालनाचा वाचक शब्द श्रवणवाचक धातूपासूनच सिद्ध झाला आहे. ख्रिस्ती शिष्यत्वाच्या कल्पनेचा गाभा या भाषिक वस्तुस्थितीत सापडतो. देवाची हाक ऐकणे आणि ती मानणे या दोन स्वतंत्र कृती नसून एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत, असे ही कल्पना सांगते.

मराठी बायबलने या हाकेसाठी ‘पाचारण’ हा शब्द रूढ केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ख्रिस्ती झालेल्या मराठी लेखकांनी या पाचारणाचा अनुभव शब्दबद्ध केला. या अनुभवाचे स्वरूप काय आहे, हाक खरी की भासमान हे हे लेखक कसे ओळखतात, आणि आज्ञापालनाचे मोल कोणी चुकवले, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने येथे निवडक साहित्याचा विचार केला आहे.

२.

बायबलमध्ये पाचारणाचे दोन नमुने आढळतात. मार्काच्या शुभवर्तमानात गालील सरोवराकाठी येशू हाक मारतो आणि कोळी तत्काळ जाळी टाकून त्याच्यामागे जातात. येथे हाक आणि पालन यांत अंतरच नाही. पहिल्या शमुवेलातील कथा मात्र निराळी आहे. रात्री हाक ऐकू येते तेव्हा बालक शमुवेल तीनदा धावत वृद्ध याजक एलीकडे जातो. हाक देवाची आहे हे त्याला कळत नाही, ते एली ओळखतो. आवाज ऐकू येणे आणि तो कोणाचा हे उमगणे यांत येथे कालावधी जातो, आणि तो ओलांडण्यासाठी दुसऱ्या माणसाची मध्यस्थी लागते.

मराठी ख्रिस्ती आत्मकथने प्रायः या दुसऱ्या नमुन्याची आहेत. बाबा पदमनजी यांनी आपल्या आत्मचरित्राला (१८८८) ‘अरुणोदय’ हे नाव दिले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अरुणोदय म्हणजे विजेचा लखलखाट नव्हे. अंधार केव्हा सरला हे नेमके सांगता येत नाही, इतक्या सावकाश तो होतो. वाचन, वादविवाद, परमहंस सभेतील सुधारणावादी सहवास, पटलेले सत्य उघडपणे स्वीकारण्याविषयीची भीती आणि घरच्यांचे दुःख अशा टप्प्यांतून त्यांचा प्रवास होतो. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापूर्वीच बुद्धीचा कौल मिळालेला होता. त्यांच्या कथनातील खरा ताण ‘हे सत्य आहे काय?’ या प्रश्नापेक्षा ‘सत्य आहे हे कळल्यावरही मी थांबून का राहिलो?’ या प्रश्नात आहे. म्हणजेच पहिल्या अर्थाने ‘ऐकणे’ पूर्ण झाले होते, दुसऱ्या अर्थाने नव्हते.

३.

हाक ओळखण्याचा प्रश्न पंडिता रमाबाई यांच्या बाबतीत अधिक बिकट रूप घेतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अँग्लिकन भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या विषयाच्या अभ्यासात मोलाचा आहे. धर्मसंस्थेच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे मानणे म्हणजेच देवाचे मानणे, अशी अपेक्षा त्यांच्याकडून केली जात होती. चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. तेव्हा आपल्या वतीने इतरांनी परस्पर निर्णय घ्यावा हे रमाबाईंनी मान्य केले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीही, केवळ अधिकारवाणीने सांगितले म्हणून, होकार देण्याचे त्यांनी नाकारले.

वरवर पाहता हा आज्ञाभंग आहे. परंतु रमाबाईंची भूमिका नीट पाहिली तर तिच्यात आज्ञापालनाचाच आग्रह दिसतो. ज्याची आज्ञा पाळायची त्याचा आवाज इतर आवाजांत मिसळू द्यायचा नाही, हे त्या आग्रहाचे सूत्र आहे. पुढे १९०७ मधील आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःविषयीही हीच कसोटी लावली. बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्या कबुलीजबाबाचा आशय आहे. संस्थेत प्रवेश आणि शिष्यत्व यांत त्यांनी भेद केला, आणि त्या भेदाच्या अलीकडे आपण काही वर्षे उभ्या होतो हेही लपवले नाही.

या शिष्यत्वाची फलश्रुती कृतीत दिसते. दुष्काळाने आईवडील आणि बहीण हिरावून नेलेल्या रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर (१९२२) प्रकाशित झाले. मूळ शब्द स्वतः ऐकण्याची आस या भाषांतरामागे आहे असे म्हणता येते.

४.

नारायण वामन टिळक यांच्या पाचारणाची हकिगत आगगाडीच्या डब्यात सुरू होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ते पुस्तक, विशेषतः डोंगरावरील प्रवचन, त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि पाचारण ही एकदाच घडून संपणारी घटना नाही, हे टिळकांचे चरित्र दाखवते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात एकत्र यावयाचे होते. पहिल्या हाकेने टिळकांनी जात सोडली, तर दुसऱ्या हाकेने वेतन आणि संस्थेचा आसरा. तुकारामादी संतांच्या वाणीवर पोसलेल्या या कवीला शिष्यत्व हे संन्यासाच्या परिभाषेतच पूर्ण होताना दिसले, हे स्वाभाविक होते. नवविधा भक्तीची पहिली पायरी श्रवण आणि शेवटची आत्मनिवेदन, हा क्रम त्यांच्या संस्कारांत होताच.

५.

टिळकांची ही कथा मराठी वाचकाला प्रामुख्याने ज्ञात आहे ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून (पहिला भाग १९३४). म्हणजे ज्या व्यक्तीला ती हाक ऐकू आली नव्हती, तिच्याच तोंडून आपण ती ऐकतो. या साहित्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच आहे. गालिलातील कोळी निघून गेले तेव्हा जब्दी आपल्या चाकरांसह मचव्यातच राहिला. त्याला काय वाटले हे मार्क सांगत नाही. ‘स्मृतिचित्रे’ मात्र मचव्यात राहिलेल्या माणसाची बाजू सांगते. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेली ताटातूट, लोकनिंदा आणि लहान दत्तूची चिंता हे टिळकांच्या आज्ञापालनाचेच मोल होते. परंतु ते टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनी अधिक चुकवले. लेखिका हे सांगताना पतीवर खटला भरत नाही, तशीच त्याला निर्दोषही ठरवत नाही. तिचा विनोद या दोहोंच्या मधली जागा राखतो.

पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ सांभाळले. टिळकांची हाक ही आपोआप पत्नीची हाक झाली नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्याचे उत्तर स्वतःशी मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीच्या मागे जाण्याचा संस्कार असलेल्या स्त्रीने या एका बाबतीत आपल्या कानांनी ऐकेपर्यंत वाट पाहिली. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्णत्वास नेले.

६.

या विवेचनावरून असे दिसते की मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत पाचारण हा चमत्कार म्हणून क्वचितच येतो. तो पुस्तक, सहप्रवासी, दुष्काळ, मनातला प्रश्न अशा ऐहिक वाटांनी येतो आणि ओळखण्यास वेळ घेतो. पदमनजींनी ऐकण्यातला विलंब नोंदवला, रमाबाईंनी आवाजांतला भेद केला, टिळकांनी पुन्हापुन्हा ऐकले. लक्ष्मीबाईंनी यांत एक अवघड सत्य जोडले : एकाच्या आज्ञापालनाचा भार दुसऱ्यावर पडतो, आणि तो भार देवाच्या नावाने नाहीसा होत नाही. शिष्यत्वाचा कोणताही विचार हे ध्यानात घेतल्याखेरीज पुरा होणार नाही. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ केवळ एका संसाराची कहाणी म्हणून न वाचता पाचारणाच्या मराठी मीमांसेचा ग्रंथ म्हणूनही वाचला गेला पाहिजे.