शिदोरी संपू द्या, मगच खत!

बी रुजलं, कोंब वर आला, की हात लगेच खताच्या पुडीकडे वळतो. जरा थांबा. प्रत्येक बी आपली शिदोरी घेऊनच येतं. टोमॅटोची पहिली दोन गुळगुळीत पानं म्हणजे बीजदलं. बियातलं अन्न ती शोषून कोंबाला पुरवतात. त्यांच्या मधून कातरलेल्या कडांचं पहिलं खरं पान डोकावलं की रोपाला भूक लागली असं समजायचं.

शिदोरीचा आकार मात्र ज्याचा त्याचा! नारळाचं रोप आतल्या खोबऱ्यावर कित्येक महिने काढतं. कोंब आलेला नारळ फोडल्यावर मिळणारा तो गोड, मऊ गोळा खोबऱ्यातलं अन्न शोषून कोंबाकडे पाठवणारा अवयव असतो. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं आणि शिदोरी जवळपास शून्य, म्हणून निसर्गात बुरशीनं अन्न पुरवलं तरच ते रुजतं.

सोलापूरच्या बाजार समितीत ज्याचे ढीग लागतात तो कांदा? हजार बिया मिळून जेमतेम तीन-चार ग्रॅम! आणि रोपाला गादीवाफ्यावर सहा ते आठ आठवडे काढायचे असतात. म्हणून वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत आधीच मिसळलेलं हवं. कच्चं शेणखत नकोच.

उसाची तऱ्हा वेगळी. कांडीतल्या साखरेवर डोळा फुटतो. एका डोळ्याच्या तुकड्यात ती तीन डोळ्यांच्या टिपरीपेक्षा कमी, त्यामुळे ट्रेमधल्या रोपाकडे लवकर लक्ष द्यावं लागतं. ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये पोषण नसल्यातच जमा. पहिल्या खऱ्या पानानंतर भाजीच्या रोपांना १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, तेही सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, एवढं पुरे.

आता अपवाद, आणि तो आपल्याच मातीतला. मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारीची मोहोळच्या संशोधन केंद्रातली निवड. कोरडवाहू रब्बी ज्वारीला खत पेरतानाच देतात, दोन चाड्यांच्या पाभरीनं, बियाला चिकटणार नाही अशा बेतानं. हे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतं. वरचा थर वाळल्यावर फेकलेलं खत तिथेच पडून राहतं, मुळांच्या हाती लागत नाही. पुढची संधी नाही, म्हणून आधीच सोय!

सोलापूरकरांनी एक खूण मात्र पाठच करावी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती बहुधा लोहाची कमतरता असते, खताची भूक नव्हे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. तिथे युरिया ओतून काहीच साधत नाही, चिलेटेड लोहाची हलकी फवारणी कामी येते. पानांच्या कडा करपल्या आणि कोकोपीटवर पांढरी साय धरली, तर क्षार वाढलेत. बोअरचं पाणी खारट असेल तर हे आणखी लवकर होतं. अशा वेळी खत बंद करून साध्या, गोड्या पाण्यानं ट्रे धुऊन काढा.

लागवडीला आठवडा उरला की नत्र थांबवा आणि पाणी हळूहळू कमी करा. लुसलुशीत रोप सोलापूरच्या उन्हात माना टाकतं, काटक रोप तग धरतं. आणि पुडीवरचं प्रमाण वाढलेल्या झाडासाठी असेल, तर रोपांना त्याच्या निम्म्याहूनही कमी द्या.