गॅलरीतल्या उन्हाचा हिशेब

बागकामाच्या पुस्तकांत ऋतू बहुधा थंडी-उन्हाळ्यावरून मोजलेले असतात. मुंबईत ते माप तोकडे पडते. इथे जानेवारीतली दुपार तिशीच्या आसपास आणि मेमधली तेहेतीस-चौतीस अंशांवर. एवढ्या फरकाने मेथीला काय कळणार? तरी मेथी, पालक, कोथिंबीर इथे हिवाळ्यातच साधतात. रात्रीचा गारवा आणि कोरडी हवा ही कारणे खरीच. पण गिरगाव-परळच्या चाळींत तिसरेही एक कारण आहे. ते म्हणजे गॅलरी.

मुंबई 19 अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून 48 अंशांहून किंचित खालीच असतो. दक्षिणाभिमुख गॅलरीवरच्या छताची कड दहा फुटांवर धरली, तर त्या दिवशी ऊन नऊ फूट आत येते, म्हणजे उंबरा ओलांडून खोलीत. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ते साडेतीन फुटांपर्यंतच पोहोचते. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जमिनीवर ऊन पडतच नाही. तिथून जुलैअखेरपर्यंत तर तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. थोडक्यात, सगळे शहर भाजून निघत असताना दक्षिणेची गॅलरी सावलीत, आणि सुखद दिवसांत ती उन्हाने भरलेली. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक होते. शेती म्हणजे उन्हाची कापणी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. डालडाच्या डब्यातल्या शेतीलाही तो लागू आहे.

म्हणून इथले वर्ष दसऱ्याला सुरू होते असे मी मानतो. नवरात्रातला घट म्हणजे खरे तर बियाण्याची उगवण-चाचणीच. त्याच सुमारास ऊन गॅलरीत शिरू लागते. पावसात निथळून निकस झालेली माती या वेळी डब्यातून उपसावी, खत मिसळावे आणि मेथी-कोथिंबीर पेरावी. शेवंतीला लांब रात्री लागतात, ती आपोआप याच दिवसांत कळ्या धरते. जानेवारीत मोगरा छाटला की मार्चपासून फुले. पुढे उकाड्यात पिठ्या ढेकूण जास्वंदीवर चढतो. पावसाळा मात्र सांभाळण्याचा काळ. वर्षाचा दोन मीटरहून अधिक पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो; डब्याचे भोक बुजले की तुळस कुजलीच. या काळात फांद्या मात्र चटकन मुळे धरतात, आणि अळू तर विचारूच नका.

हे सगळे रस्त्याकडच्या, मोकळ्या गॅलरीचे झाले. गिरगावातल्या फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट ही नावे जुन्या बागायतीची. आज तिथल्या कित्येक गॅलऱ्या चौकाकडे तोंड करून आहेत आणि समोरची चाळ ऊन अडवते. त्यामुळे एकाच इमारतीत तळमजल्यावर अळू आणि गवती चहा, तर तिसऱ्या मजल्यावर मोगरा अशी वाटणी दिसते. लोक तिला ‘हाताचा गुण’ म्हणतात. माझ्या मते तो मजल्याचा गुण आहे.

आता लालबाग-परळच्या टॉवरांकडे पाहू. शंभर मीटर उंचीच्या इमारतीची सावली 22 डिसेंबरच्या मध्यान्ही उत्तरेकडे साधारण 91 मीटर जाते. सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. मेच्या मध्यावर तीच मध्यान्हीची सावली जवळजवळ शून्य. म्हणजे टॉवर उत्तरेकडच्या शेजाऱ्याचे जे ऊन नेतो, ते नेमके पिकाच्या हंगामातले, आणि मेमध्ये जागा पाहायला गेलेल्याला ही सावली दिसतच नाही. पुनर्विकासाच्या बैठकांत चौरस फुटांवर तासन्‌तास वाद होतात. उन्हाविषयी कुणी विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही, आणि नव्या घरात गॅलरीऐवजी खिडकीच मिळायची असेल तर तो प्रश्न अधिकच निकडीचा.

हा अंक हाती पडेल तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत दुपारचे ऊन सहा-सात फूट आत आलेले असेल. मुंबईची मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही; दिवाळीच्या सुमारास ती सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान होते. त्या वेळी उन्हाच्या कडेवर खडूने रेघ मारावी, तारीख घालावी, आणि डिसेंबरअखेरपर्यंत दर रविवारी तसेच करावे. समोर नवे बांधकाम उभे राहण्याआधीची ही नोंद नंतर कुठूनही मिळणार नाही.